नकारानंतरचे चाळीस दिवस : नगररचना कायद्याच्या कलम ४७ वर भाष्य

रिद्धपूरच्या महानुभावांनी सूत्रपाठ जपताना त्याच्या जोडीला ‘प्रकरणवश’ ठेवला. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून उच्चारले गेले ते त्यात सांगितलेले असते. प्रसंग सुटला की सूत्राचा अर्थ कोणीही कसाही ओढतो, हे त्या मंडळींना पुरते ठाऊक होते. कायद्याच्या कलमाचेही तसेच होते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यातले कलम ४७ अवघ्या दोन पोटकलमांचे आहे. बांधकामाची परवानगी नाकारली, किंवा न झेपणाऱ्या अटी घालून दिली, तर दाद कोणी, कोठे आणि किती दिवसांत मागायची, एवढेच ते सांगते. पण नगररचना विभागाच्या टेबलावर ते एका अर्थाने वाचले जाते आणि प्लॉटमालकाच्या घरी दुसऱ्या. म्हणून आधी प्रकरण, मग पदे. पदांचा आशय पुढे माझ्या शब्दांत दिला आहे. अपिलात मांडताना अधिकृत पाठच घ्यावा.

प्रकरण मनीषनगरचे. वर्धा रोड सोडून रेल्वेचे रूळ ओलांडले की ही वस्ती लागते. दक्षिण नागपुरातल्या पुष्कळ वस्त्यांप्रमाणे तीही शेतजमिनीवर पडलेल्या ले-आउटांमधून वाढली. एकमजली घर, पुढे आंगण, मागे विहीर किंवा बोअर, असा तिचा जुना चेहरा. मार्च २०१९ मध्ये वर्धा रोडवरून मेट्रो धावू लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये वर्धा रोडचा डबलडेकर पूल आणि त्याच्यासोबत मनीषनगरचा रेल्वे उड्डाणपूल खुला झाला, आणि फाटकाशी खोळंबण्याचे दिवस संपले. त्यानंतर आंगणाच्या घरांची किंमत घरापेक्षा जमिनीची झाली. पुण्या-बंगळुरूला स्थायिक झालेली मुले, एकटे राहिलेले आईवडील आणि दारात आलेला बिल्डर, हे चित्र येथे घरोघर दिसते. घर पाडून फ्लॅट स्कीम उभी राहते. आणि कधी नकाशा नामंजूर होतो.

समजा, दोन लगतचे प्लॉट एकत्र करून ६०० चौरस मीटर जागा झाली. ले-आउटच्या नकाशात पुढचा रस्ता ९ मीटरचा आहे. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर फीत धरली तर साडेसात भरला. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत रस्त्याच्या रुंदीवर सगळे अवलंबून आहे. दाट वस्तीबाहेरच्या भागात ९ मीटरहून अरुंद रस्त्यावर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१० एवढाच मिळतो, प्रीमियम नाही, टीडीआर नाही. रस्ता ९ मीटर ठरला तर दोन्ही धरून २.०० पर्यंत जाता येते. म्हणजे एका फितीने ६६० चौरस मीटर, दुसऱ्या फितीने १२००. पूरक क्षेत्र याशिवाय वेगळे. दीड मीटरच्या या वादात एक अख्खी स्कीम उभी राहते किंवा कोसळते. नकार आला, तर मालकाच्या हातात उरते ते कलम ४७.

“कोणताही व्यथित अर्जदार”

पहिलेच पद सगळ्या कलमाची हद्द आखते. दाद मागायचा हक्क अर्जदाराला आहे. अर्जदार म्हणजे ज्याने कलम ४४ खाली परवानगीसाठी अर्ज केला तो. मालकाने आर्किटेक्टमार्फत अर्ज केला तरी अर्जदार मालकच. बिल्डरला कुलमुखत्यारपत्र दिले असेल तर अपील मालकाच्या नावानेच, मुखत्याराच्या सहीने जाते. ही बाब लहान वाटते, पण विकसन करार रद्द होऊन मालक आणि बिल्डर कोर्टात भांडत असताना अपील नेमके कोणाचे, हा प्रश्न पुढे उभा राहतोच.

शंका : शेजाऱ्याचे काय? सात मजल्यांची सावली ज्याच्या आंगणात पडणार, ज्याच्या गडरलाइनवर आणखी चौदा कुटुंबांचा भार येणार, त्याला परवानगीविरुद्ध अपील करता येते का?

उत्तर : येत नाही. ‘कोणतीही व्यथित व्यक्ती’ असे येथे म्हटलेले नाही. परवानगी मिळालेल्या स्कीमविरुद्ध शेजाऱ्याला एक तर नियोजन प्राधिकरणाला कलम ५१ खाली परवानगी मागे घ्यायला सांगावे लागते, आणि तोही अधिकार बांधकाम बरेच पुढे गेल्यावर संपतो. नाहीतर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट. आपल्या कायद्याचा सांगाडा ज्या इंग्लिश कायद्यावर बेतला, १९४७ चा नगर व ग्राम नियोजन कायदा, त्यातही अपील अर्जदाराचेच होते, आणि इंग्लंडात आजही तसेच आहे. उलट आयर्लंडमध्ये मुदतीत हरकत नोंदवलेल्या शेजाऱ्यालाही परवानगीविरुद्ध अपील करता येते. तेथे घरबांधणी बंद पडलेली नाही. मनीषनगरसारख्या, एका पिढीत आंगणावरून फ्लॅटवर आलेल्या वस्तीत शेजाऱ्याला औपचारिक जागा नसणे ही कायद्यातली खरी उणीव आहे, असे माझे ठाम मत आहे. ती उणीव अपिलाच्या सुनावणीत थोडीफार भरून काढता येते, कशी ते पोटकलम (२) वर बोलताना येईल.

“परवानगी अटींवर देणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या, कलम ४५ खालच्या आदेशाने”

या पदात भाष्याचा जीव आहे, म्हणून येथे थांबायला हवे.

आदेश कोणाचा, हे आधी पाहावे. नागपुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आली आणि अनेक दशके शहराचे नियोजन तिच्याच हाती होते. २००२ पासून प्रन्यासच्या काही योजना सोडून बाकी शहर महानगरपालिकेकडे आले. शहराबाहेरच्या पट्ट्यात २०१७ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. मनीषनगरातून बेस्याकडे जाताना रस्ता तोच राहतो, घरे तशीच दिसतात, पण हद्द ओलांडली की प्राधिकरण बदलते. त्या पट्ट्यात ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या आणि मग नोटिसा आल्या, हे बेसा-पिपळ्याच्या लोकांना सांगायला नको. ज्याला परवानगी द्यायचा अधिकार नाही त्याच्या नकारावर कलम ४७ चे अपील चालत नाही, आणि त्याच्या होकाराला अर्थ नाही. तेव्हा आखीव पत्रिका किंवा सातबारा, मौजा आणि खसरा क्रमांक पाहून प्राधिकरण कोणते ते आधी पक्के करावे.

दुसरे, आदेश आहे का? हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण आज नकाशे ऑनलाइन जातात, आणि ते नाकारले जाण्यापेक्षा परत येतात जास्त. ‘त्रुटी पूर्ण करून सादर करावे’ असा शेरा येतो. त्रुटी पुरवली की दुसरा शेरा. तिसऱ्यांदा आर.एल.ची, म्हणजे ले-आउट नियमित झाल्याच्या पत्राची, स्वच्छ प्रत मागितली जाते. हा नकार नाही, म्हणून अपील नाही. आणि होकारही नाही. कायदा करणाऱ्यांना हे दिसत होते. म्हणून कलम ४५ च्या पोटकलम (५) मध्ये ६० दिवसांची मर्यादा आहे: अर्ज मिळाल्यापासून, किंवा मागवलेल्या माहितीला अर्जदाराने दिलेले उत्तर मिळाल्यापासून, जे नंतरचे असेल तेव्हापासून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानायचे. पण ‘जे नंतरचे असेल’ या शब्दांनी प्रत्येक नव्या शेऱ्याबरोबर मोजणी नव्याने सुरू होते. शिवाय मानीव परवानगीला कठोर अट आहे. नकाशा विकास नियमांना आणि विकास योजनेला काटेकोरपणे धरून असला पाहिजे. तसा नसेल तर मानीव परवानगीवर केलेले बांधकाम अनधिकृत ठरते, आणि कलम ५२ ते ५७ लागतात. कलम ५२ मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद आहे. रस्ता नऊ मीटरचा की साडेसातचा हाच वाद असताना मानीव परवानगीवर पाया खोदणे म्हणजे त्या वादाचा निकाल स्वतःच आपल्या बाजूने लावून घेणे होय. माझा सल्ला : तसे करू नये. त्याऐवजी शेऱ्याला मुद्देसूद उत्तर द्यावे आणि त्याच उत्तरात लिहावे की आता मागण्यासारखे काही उरले नसेल तर कलम ४५ खाली आदेश करावा. कायद्याने निर्णय कर्तव्य म्हणून नेमला आहे. तो मागून घेण्यात उद्धटपणा नाही.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, आदेशात कारणे आहेत का? कलम ४५ चे पोटकलम (३) स्वच्छ सांगते की नकाराच्या आणि अटी घालणाऱ्या प्रत्येक आदेशात कारणे नमूद केली पाहिजेत. ‘नियमात बसत नाही’ हे कारण नाही. कोणता नियम, कोणते मोजमाप, कोणत्या नकाशाशी तुलना करून, हे सांगितले तर कारण. आपल्या प्रकरणात रस्त्याची रुंदी मंजूर ले-आउटच्या नकाशावरून धरायची की जागेवरच्या फितीवरून, आणि फीत धरली तेव्हा कडेच्या अतिक्रमणांतून धरली की वगळून, याचे उत्तर आदेशातच हवे. ते नसेल तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच.

शंका : आदेशात कारण लिहायचे राहिले, पण प्राधिकरणाने अपिलाच्या उत्तरात ते सविस्तर लिहिले, तर भागत नाही का?

उत्तर : भागत नाही, आणि हे सांगणारा निकाल बांधकामाच्याच प्रकरणातला आहे. अंधेरीत सिनेमागृह बांधायला गोर्धनदास भानजी यांना मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी १९४७ मध्ये परवानगी दिली आणि थोड्याच महिन्यांत सरकारच्या सांगण्यावरून ती रद्द केली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अधिकार आयुक्तांचा, तर विचारही आयुक्तांनीच करायचा. आणि जाहीर आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरूनच लावायचा, नंतर अधिकाऱ्याने दिलेल्या खुलाशावरून नाही. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. पुढे मोहिंदरसिंग गिल खटल्यात १९७७ च्या डिसेंबरात न्यायालयाने हेच तत्त्व आणखी पक्के केले: प्रतिज्ञापत्रातून आदेशाला नवी कारणे जोडता येत नाहीत. नागपूरच्या न्यायपरंपरेतून वर गेलेल्या न्यायाधीशाचा हा धागा मनीषनगरच्या अर्जदाराने आपल्या अपिलात अगदी अभिमानाने धरावा.

या पदाखाली आणखी एक भेद करावा लागतो, कारण चुकीच्या वाटेला लागून लोक वर्षे घालवतात. प्लॉटवर बाग, शाळा किंवा रस्त्याचे आरक्षण आहे म्हणून नकार आला असेल, तर कलम ४७ त्यावर फारसे चालत नाही. कलम ४६ प्रमाणे प्राधिकरणाला विकास योजना डोळ्यांसमोर ठेवावीच लागते आणि अपिलातही ती पुसता येत नाही. तेथे कलम ४९ ची खरेदी नोटीस किंवा कलम १२७ ची नोटीस हीच खरी वाट. नागपूरची सुधारित विकास योजना २००० साली मंजूर झाली. तीतल्या जुन्या आरक्षणांना कलम १२७ ची दहा वर्षे कधीच उलटली आहेत. नोटीस दिल्यावर संपादनाची पावले उचलायला आता २४ महिन्यांची मुदत आहे, तीत पावले उचलली नाहीत तर आरक्षण गळते. तसेच, ले-आउटच अनियमित आहे म्हणून नकार असेल तर उपाय गुंठेवारी अधिनियम, २००१ मध्ये आहे, ज्याची मर्यादा २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी विकासापर्यंत वाढवली गेली.

आणि विमानतळ. सोनेगावचा विमानतळ जवळ असल्याने मनीषनगरच्या उंच इमारतींवर हवाई वाहतूक मंत्रालयाचे २०१५ चे उंची-निर्बंध नियम लागू होतात. रंगीत विभाग-नकाशात दिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची असते. विमानतळच सुमारे ३१५ मीटरवर आहे. परवानगीच्या आकड्यातून जमिनीची उंची वजा केली की इमारतीला किती मजले मिळतात ते कळते, आणि ही वजाबाकी न करता आखलेले नकाशे हमखास अडकतात. उंचीच्या कारणावरून आलेला नकार राज्य शासन अपिलात फिरवू शकत नाही. त्यासाठी केंद्राच्या त्याच नियमांमध्ये वेगळी अपील समिती आहे.

“आदेश त्याला कळवल्याच्या तारखेपासून चाळीस दिवसांच्या आत”

मोजणी आदेशाच्या तारखेपासून नाही, कळवल्याच्या तारखेपासून. कळवल्याचा दिवस सोडून पुढचा दिवस पहिला. चाळिसावा दिवस सुट्टीचा आला तर कार्यालय उघडेल त्या दिवशी अपील मुदतीतले, हा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचा नेम. ‘त्याला’ म्हणजे अर्जदाराला. आता ऑनलाइन पद्धतीत आदेश बहुधा आर्किटेक्टच्या लॉगिनवर उमटतो. आर्किटेक्ट गावाला गेलेला, मालकाला कळायला तीन आठवडे लागले, तर दिवस कोणाच्या कळण्यापासून? प्राधिकरण म्हणणार, आर्किटेक्ट तुमचाच प्रतिनिधी होता. त्या युक्तिवादात दम आहे. म्हणून मोजणी सर्वांत आधीच्या तारखेपासूनच धरावी, आणि आर्किटेक्टला नेमताना लेखी सांगून ठेवावे की आदेश आला त्या दिवशीच कळवायचे.

उशीर माफ होतो का? कलम ४७ मध्ये उशीर माफ करण्याची तरतूद नाही. मुदत कायद्याच्या कलम ५ चा आधार घ्यावा असे वाटते, पण गणेशन खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तो कायदा मुळात न्यायालयांसाठी आहे. न्यायालय नसलेल्या अधिकाऱ्यापुढच्या अपिलाला तो आपोआप लागत नाही. म्हणून एक्केचाळिसाव्या दिवसावर भिस्त ठेवू नये. मुदत गेली तरी नवा अर्ज करायला कोणी अडवत नाही. पण नव्या अर्जाला नवे नियम लागतात. पुणे कटक मंडळाविरुद्धच्या उस्मानगनी खत्री खटल्यात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे की नकाशा मंजूर होताना जे नियम असतील तेच लागू, अर्जाच्या दिवशीचे नियम मागण्याचा हक्क अर्जदाराला नाही.

चाळीस दिवस पुरतात का? पुरतात, जर कागद आधी गोळा असतील. मंजूर ले-आउटची प्रमाणित प्रत, आर.एल., विकास शुल्काच्या पावत्या, मोजणीचा नकाशा, प्रत्येक शेरा आणि त्याचे उत्तर. मेट्रोच्या मध्यरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात प्लॉट येत असल्याचा दावा असेल तर ते अंतर दाखवणारा नकाशाही. उज्ज्वलनगर स्थानकाच्या बाजूच्या प्लॉटांना या पट्ट्यात जादा निर्देशांक मिळू शकतो आणि अंतर कोठून मोजायचे यावरच वाद होतात.

“राज्य शासनाकडे, किंवा शासनाने नेमलेल्या, उपसचिवाहून खालच्या दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याकडे”

राज्य शासन म्हणजे व्यवहारात मुंबई, मंत्रालय, नगरविकास विभाग. अनेक अपिले राज्यमंत्र्यांपुढे किंवा मंत्र्यांपुढे चालतात. नागपूरहून मुंबई आठशे किलोमीटर. एका तारखेसाठी मालक, आर्किटेक्ट, वकील असे तिघे रात्रीच्या गाडीने निघतात. पोचल्यावर कळते की तारीख पुढे गेली. सत्तरीतल्या विधवेला, जिने घरच स्कीमला दिले आहे आणि आता भाड्याच्या खोलीत राहते आहे, हे कसे झेपायचे?

या पदाचा दुसरा अर्धा भाग म्हणूनच मला मोलाचा वाटतो. शासन अधिकारी नेमू शकते. तो मुंबईतच बसला पाहिजे असे कलमात नाही. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला कारभार जवळ मिळावा हीच भावना होती. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन त्यातून नागपुरात भरते. विधिमंडळ येऊ शकते, तर अपील ऐकणारा अधिकारी नागपुरात का बसू शकत नाही? कायद्यात दुरुस्ती लागत नाही, अधिसूचना पुरते. पात्र दर्जाचे अधिकारी विभागीय पातळीवर आहेत. आणि नगररचनेचे अपील जागा पाहून ठरवण्यासारखे असते. साडेसात मीटरचा रस्ता फायलीत समजत नाही. नागपुरात बसणारा अधिकारी अर्ध्या तासात मनीषनगरला जाऊन तो आपल्या डोळ्यांनी पाहू शकतो.

“विहित रीतीने, आणि फी विहित असल्यास तिच्यासह”

नमुना आणि फी नियमात पाहून घ्यावी. अपिलाच्या सोबत आदेशाची प्रमाणित प्रत, नाकारलेला नकाशा आणि मुद्द्यांची यादी जोडावी. मुद्दे थोडे आणि नेमके असावेत. ‘न्याय मिळावा ही नम्र विनंती’ असे शेवटी लिहायला हरकत नाही. पण पोटात विनंती नसावी, मुद्दा असावा.

“अपीलकर्ता आणि नियोजन प्राधिकरण यांना म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊन”

पोटकलम (२) मध्ये ऐकण्याची सक्ती दोघांची आहे. वाजवी संधी म्हणजे प्राधिकरणाचे लेखी उत्तर अपीलकर्त्याला आधी मिळणे, त्यावर बोलायला वेळ मिळणे, आणि ज्या अहवालावर निर्णय बेतायचा तो पाहायला मिळणे. सुनावणीनंतर नगररचना संचालनालयाकडून मागवलेला अभिप्राय अपीलकर्त्याला न दाखवता वापरला, तर संधी वाजवी राहत नाही.

जो ऐकतो त्यानेच ठरवायचे, हाही याच पदाचा अर्थ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या प्रकरणात सचिवांनी सुनावणी घेतली आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो टिकू दिला नाही. मंत्रालयात अपील ऐकलेला राज्यमंत्री निर्णयाआधी बदलला, तर नव्याने आलेल्याने टिपणीवर सही करून चालत नाही. त्याने पुन्हा ऐकले पाहिजे. अशी विनंती अपीलकर्त्याने लेखी, तात्काळ करावी. निकाल विरुद्ध गेल्यावर ती आठवून उपयोग होत नाही.

आता शेजाऱ्याकडे परत. दोघांना ऐकलेच पाहिजे असे कलम म्हणते. तिसऱ्याला ऐकू नये असे कोठेही म्हणत नाही. मागच्या घरातल्या काकांनी, समोरच्या सोसायटीने रुंदी, सांडपाणी, पार्किंग यांवर लेखी म्हणणे दिले असेल तर ते अधिकाऱ्याने घ्यावे, प्रत अपीलकर्त्याला द्यावी आणि निर्णयात त्याचा परामर्श घ्यावा. याने अपील लांबते हे खरे. पण न ऐकलेला शेजारी मग रिट घेऊन येतो आणि तेव्हा सात मजल्यांचा स्लॅब पडलेला असतो. मला दोन्ही बाजूंची कळकळ समजते. जमिनीच्या मालकाला आपल्या मिळकतीचे मोल मिळायला हवे, आणि जो तीस वर्षे त्या गल्लीत राहिला त्याच्या पाण्याचा आणि उन्हाचा विचारही व्हायला हवा.

“अपील फेटाळता येईल, किंवा परवानगी विनाअट अथवा बदललेल्या अटींवर देऊन ते मंजूर करता येईल”

अपील ऐकणारा प्राधिकरणाच्या जागी बसतो. म्हणून रुंदीचे मोजमाप चुकले, नियम चुकीचा लावला, अट अवास्तव आहे, असे म्हणून तो स्वतः परवानगी देऊ शकतो. पण प्राधिकरणाला जे नियम बांधतात ते त्यालाही बांधतात. १.१० च्या जागी २.०० ‘सहानुभूतीपूर्वक’ देता येत नाही. रस्ता नऊ मीटरचा आहे असा निष्कर्ष पुराव्यावर काढला तरच २.०० मिळेल. मंत्र्यांकडे ओळख आहे, म्हणून काम होईल, असे सांगत फिरणारे मध्यस्थ येथेच लोकांना फसवतात. तशी मिळालेली परवानगी पहिल्याच रिटमध्ये उडते, आणि तोवर फ्लॅटधारकांचे कर्ज सुरू झालेले असते. महारेराच्या कायद्याप्रमाणे ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर नोंदणीशिवाय बुकिंग घेता येत नाही, आणि नोंदणीला प्रारंभ प्रमाणपत्र लागते. अपील चालू असताना ‘परवानगी आलीच समजा’ म्हणून घेतलेले टोकन बेकायदा आहे. ते बिल्डरने घेऊ नये आणि कोणी देऊ नये.

मधली वाट बहुधा अटीत असते. मालकाने स्वतःच्या प्लॉटमधून पट्टी सोडून आपल्या बाजूने रस्ता रुंद करून द्यायचा, शेजारच्या बाजूला जादा अंतर ठेवायचे, तळमजला पूर्ण पार्किंगला. असा सुधारित नकाशा अपीलकर्त्याने स्वतःहून सुनावणीत ठेवावा. त्याने मूळ मुद्दा सोडला असे होत नाही, ‘मुख्य म्हणणे मान्य न झाल्यास’ असे लिहून तो ठेवता येतो.

मिळालेली परवानगी कलम ४८ प्रमाणे एक वर्ष टिकते, आणि मुदतवाढ घेत एकूण तीन वर्षे जादा. अपील फेटाळले तर कलम १४९ आदेशाला अंतिमत्व देते, म्हणजे दिवाणी दावा नाही. त्याच अधिकाऱ्याकडे पुनर्विलोकनही मागता येत नाही. कायद्याने दिल्याशिवाय तो अधिकार नसतो, हे पटेल नरशी ठाकरशी खटल्यापासून पक्के आहे. उरतो अनुच्छेद २२६, आणि त्यासाठी मात्र मुंबई गाठावी लागत नाही. सिव्हिल लाइन्समधले नागपूर खंडपीठ १ मे १९६० पासून याच कामाला बसलेले आहे. ते रस्ता पुन्हा मोजत नाही. आदेशात कारणे होती का, ऐकणाऱ्यानेच ठरवले का, अहवाल दाखवला का, एवढे पाहते, आणि ते पाहते अपिलात दाखल झालेल्या कागदांवरून. म्हणून रिटची तयारी अपिलाच्या पहिल्या पानापासूनच करावी लागते.